‘किचन’ म्हणजे मानेवरचे केस: कृष्णवर्णीय स्त्रियांचं केसांवरचं लेखन मराठीत आणताना

शब्दवेल्हाळ

नमस्कार. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी स्वतःच्या केसांबद्दल लिहिलेल्या काही लेखांचा मराठी अनुवाद चालू आहे. वाक्यं सोपी आहेत, अडचण दुसरीकडेच आहे. केसांवर काय काय करतात हे लेखिका गृहीत धरतात, कारण त्यांच्या वाचकांनी ते लहानपणापासून आईच्या गुडघ्यांमध्ये बसून पाहिलेलं असतं. मराठी वाचकाला त्यातलं काहीच दिसत नाही. त्यातून हाताशी येणारा मराठी शब्द भलतंच चित्र उभं करतो.

एके ठिकाणी आजी नातीच्या ‘किचन’ला गरम फणी लावते. तिथे स्वयंपाकघर बसत नाही. ‘रिलॅक्सर’ला आपल्या पार्लरमधलं रिबाँडिंग म्हणावं का? ‘लॉक्स’ला जटा? ‘कॉर्नरोज’ला काय? ‘गुड हेअर’ला ‘चांगले केस’ लिहिलं तर अर्थच निघून जातो. ‘नॅपी’ शब्दकोशात पाहिला तर बाळाचा लंगोट सापडतो. ‘बिग चॉप’ला केशवपन लिहिण्याचा मोह झाला, पण हात थांबला. विगसाठी आणि जोडकेसांसाठी गंगावन चालेल का?

नुसते प्रतिशब्द नकोत. ती क्रिया प्रत्यक्षात कशी होते, काय बिघडतं, आणि त्या शब्दामागे कुणाची नजर आहे, हे कळलं तर वाक्य जमेल.

---

फणीकरंडा

ताई, आधी ‘किचन’ सोडवू. डोक्याच्या मागे, मानेवर जिथे केस संपतात तिथल्या केसांना ते म्हणतात. बहुतेक डोक्यांवर सगळ्यात घट्ट पिळाचे केस तिथलेच. वर मानेचा घाम आणि कॉलरचं घासणं. त्यामुळे कितीही निगुतीनं सरळ केलेलं डोकं असो, पहिल्यांदा मूळ वळणावर येतात ते हेच केस. मराठीत सरळ ‘मानेवरचे केस’ लिहा. आता हे फणीचं काम व्हायचं स्वयंपाकघरातच, कारण फणी तापायची शेगडीवर. तेव्हा दोन्ही अर्थ राखायचे असतील तर जागेचा उल्लेख वाक्यात आधी येऊ द्या: ‘स्वयंपाकघरात शेगडीपाशी बसवून मानेवरच्या केसांना फणी लावली.’

गरम फणीची रीत अशी. फणी पितळेची किंवा लोखंडाची, लाकडी मुठीची. केस धुऊन पूर्ण वाळलेले हवेत. ओलसर राहिले तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि केस आतून फुटतो. डोक्याचे चार भाग करायचे, त्यातून बोटभर रुंदीची एकेक पातळ बट घ्यायची, तिला अगदी थोडं तेल किंवा पोमेड, म्हणजे केसांचं मलम, लावायचं. तापलेली फणी आधी पांढऱ्या कागदावर टेकवून पाहतात. कागद तपकिरी झाला तर ती हवेत धरून थांबायचं. मग मुळाशी साधारण अर्धा सेंटिमीटर सोडून दात बटेत घालायचे आणि मनगट वळवायचं, म्हणजे फणीची पाठ केसावर दाबली जाते. केस सरळ होतो तो या पाठीनं, दातांनी नाही. अनुवादात ‘केस विंचरले’ लिहिलं की हे सगळं हरवतं.

कानाच्या वरचा भाग आला की बाई म्हणते, ‘होल्ड युअर इअर.’ याचं ‘कान धर’ करू नका. आपल्याकडे ती शिक्षा होते. ‘कान दुमडून धर’ लिहा. कानाची पाळी पुढे दुमडून धरायची, म्हणजे चटका बसत नाही. कानाच्या टोकावरचे जुने डाग अशा लेखांत येतात, ते याच चटक्यांचे.

फणीनं केसांतले फक्त हायड्रोजन बंध मोडतात, आणि ते पाण्यानं परत जुळतात. म्हणून पाऊस, घाम, पोहणं, नुसती बाथरूममधली वाफसुद्धा सगळं काम उलटवते. या लेखांत पाऊस आला की पात्रं डोकं झाकत धावतात. मराठी वाचकाला पाऊस म्हटलं की वेगळंच काही आठवतं, तेव्हा कारण तिथल्या तिथे अर्ध्या वाक्यात पेरा.

रिलॅक्सर हे पूर्णपणे वेगळं प्रकरण. कृपया त्याला रिबाँडिंग म्हणू नका. रिबाँडिंगमध्ये बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेट असतं: केसांतले दोन गंधकांमधले (डायसल्फाइड) बंध तोडायचे, इस्त्रीनं सरळ करायचं आणि न्यूट्रलायझरनं बंध परत जोडायचे. रिलॅक्सर म्हणजे तीव्र अल्कली. ‘लाय’ प्रकारात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, साधारण दोन ते साडेतीन टक्के, पीएच बाराच्या वर. ‘नो-लाय’ प्रकारात कॅल्शियम हायड्रॉक्साइडची क्रीम आणि ग्वानिडीन कार्बोनेटचं द्रावण ऐनवेळी एकत्र करतात. इथे दोन गंधकांपैकी एक निघूनच जातो आणि उरलेला बंध पुन्हा मूळचा होऊ शकत नाही. ते केस मरेपर्यंत सरळ. मुळातून नवा येईल तो मात्र कुरळा. आणि थायोवाल्या केसांवर रिलॅक्सर लावला, किंवा उलट केलं, तर केस हातात येतात.

आदल्या दोन-तीन दिवसांत डोकं खाजवायचं नाही, धुवायचं नाही. टाळूचं तेल हेच पहिलं कवच. केशरेषा, कान आणि मान यांवर पेट्रोलियम जेली. चार भाग करून मानेकडून सुरुवात, क्रीम टाळूला न टेकवता मुळाच्या किंचित वर, आणि फक्त नव्या वाढीवर. फणीच्या पाठीनं हलकं गुळगुळीत करायचं. सगळं मिळून डब्यावरच्या मिनिटांतच उरकायचं, बहुतेकदा वीस मिनिटांच्या आत. मग कोमट पाण्यानं भरपूर धुणं. त्यानंतर आम्लधर्मी शाम्पू, ज्यात रंगाचा निर्देशक असतो: अल्कली शिल्लक असेल तोवर फेस गुलाबी. फेस पांढरा येईपर्यंत पुन्हा पुन्हा.

चुका ठरलेल्या आहेत. एक ओरखडा असला तरी तिथे भाजतं, खपली धरते. आधी सरळ केलेल्या भागावर क्रीम पुन्हा चढली तर जुन्या-नव्या केसांच्या सांध्यावर केस तुटतो. आणि ‘अजून थोडं राहू दे, नीट सरळ होईल’ म्हणून चुरचुर सोसत बसणं. लेखांत ‘इट्स बर्निंग’ आणि त्यावर ‘आणखी पाच मिनिटं’ हा संवाद आला तर त्याचा अर्थ हा आहे. ‘जळतंय’ लिहा, ‘चुरचुरतंय’ फार सौम्य पडेल.

सहा ते आठ आठवड्यांनी नव्या वाढीवर हेच परत. ते ‘टच-अप’. या लेखिकांचं कॅलेंडर त्यावर चालतं.

अलीकडच्या लेखांत कर्करोगाचा उल्लेख येईल. २०२२ मध्ये अमेरिकेच्या ‘सिस्टर स्टडी’तून ३३,४९७ स्त्रियांची माहिती प्रसिद्ध झाली. केस सरळ करण्याची रसायनं वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत, सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा अंदाज ४.०५ टक्के आला. कधीच न वापरणाऱ्यांत तो १.६४ टक्के होता. हा सहसंबंध आहे. ‘रिलॅक्सरमुळे कर्करोग होतो हे सिद्ध झालं’ असं वाक्य मूळ लेखात नसेल तर अनुवादातही येऊ देऊ नका.

---

तळटीप

फणीकरंडा यांनी क्रिया नीट सांगितल्या. मी शब्दांमागच्या निवाड्याबद्दल लिहितो.

‘गुड हेअर’: मराठीत चांगले केस म्हणजे दाट, लांबसडक, काळेभोर, न गळणारे. इथे त्याचा अर्थ आहे सरळ, किंवा सैल वळणाचे, म्हणजे गोऱ्यांच्या केसांच्या जवळ जाणारे. केस निरोगी आहेत की नाहीत हा प्रश्नच त्यात नाही. गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेली ही प्रतवारी घरातल्या माणसांच्या तोंडीही असते, आणि दोन सख्ख्या बहिणींतही लावली जाते. मला ‘सरस केस’ जवळचा वाटतो, कारण त्यात तुलना आहे: कुणापेक्षा सरस, हा प्रश्न वाचकाच्या मनात येतो. एका पानावर एकदा ‘सरस, म्हणजे गोऱ्यांसारखे’ असं कुणाच्या तरी तोंडी घालून टाकलं की पुढे नुसतं ‘सरस केस’ पुरतं. आपल्याकडच्या वधूवर जाहिरातींतलं ‘गोरी, नाकीडोळी नीटस’ आठवतं हे खरं, पण तो शब्दप्रयोग इथे आणू नका. तो आणला की वाचक अमेरिकेतून उठून आपल्या बैठकीत येऊन बसतो.

‘नॅपी’: अतिघट्ट कुरळ्या केसांसाठीची शिवी. आता अनेक कृष्णवर्णीय स्त्रिया तो शब्द स्वतःसाठी अभिमानानं वापरतात, पण बाहेरच्यानं उच्चारला तर अपमानच. एप्रिल २००७ मध्ये डॉन आयमस या रेडिओ निवेदकानं रटगर्स विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाला या शब्दासकट एक घाणेरडं विशेषण लावलं आणि सीबीएस या प्रसारण कंपनीनं त्याचा कार्यक्रम बंद केला. मराठीत ‘झिपरी’ हा शब्द वजनानं जवळ जातो: तोही आईनं लाडानं म्हटला तर वेगळा, बाहेरच्यानं म्हटला तर वेगळा. पण झिपऱ्या म्हणजे न विंचरलेले, आणि नॅपी म्हणजे जन्मतःच तसे. विंचरून झिपऱ्या जातात, नॅपी जात नाही. म्हणून मी ‘नॅपी’ तसाच ठेवेन आणि पहिल्या वेळी शिवी कळेल अशी वाक्यरचना करेन.

‘नॅचरल’ला ‘नैसर्गिक केस’ लिहिलंत तर मराठी वाचक समजेल कलप न लावलेले, किंवा टोप नसलेले. ‘न सरळ केलेले’ किंवा ‘मूळ वळणाचे केस’ बरं. ‘किंकी’ देवनागरीत जसाच्या तसा ठेवू नका, त्याला आता लैंगिक अर्थ चिकटला आहे. ‘घट्ट कुरळे’, ‘स्प्रिंगसारखे’ चालेल. ‘लोकरीसारखे’ मात्र कटाक्षानं टाळा. माणसांची वंशवार वर्गवारी करणाऱ्या जुन्या मानवशास्त्रात सरळ, लाटदार आणि लोकरी असे केसांचे वर्ग होते. मेंढीची उपमा गुलामांच्या बाजारात अपमान म्हणूनच वापरली जायची. लेखिकेनं स्वतः ‘वूल’ लिहिलं असेल तरच लोकर.

आणि ‘रेस’ला वंश. ‘वर्ण’ एकट्यानं वापरला की चातुर्वर्ण्य डोकावतं, ‘जात’ तर नाहीच. ‘ब्लॅक’ला ‘कृष्णवर्णीय’ रूढ आहे. चळवळीच्या संदर्भात ‘ब्लॅक’ ठेवला तरी खटकत नाही. १९७२ साली मुंबईत अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली तेव्हापासून तो शब्द मराठीत घरचाच आहे.

आता लॉक्स. ‘जटा’ लिहिलं की मराठी वाचकापुढे दोन चित्रं येतात: गोसावी, नाहीतर यल्लम्माच्या नावानं वाढू दिलेली जट. जट ही केसांना पाणी-फणी न लावल्यामुळे आपोआप होते, मग देवीचं बोलावणं म्हणून तिला हात लावायला बंदी, त्यातून आणखी जड, आणि अनेक मुलींच्या आयुष्याचं त्यावरून मातेरं. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते घरोघरी जाऊन समजूत घालून अशा जटा कापतात. लॉक्स ही ठरवून, भाग पाडून, धुऊन राखलेली, दोरीसारख्या बटांची रचना आहे. हा फरक पुसला गेला तर लेखिका ज्या आरोपाविरुद्ध लिहितेय तोच आरोप अनुवाद तिच्यावर करतो. म्हणून ‘लॉक्स’ ठेवा. ‘ड्रेडलॉक्स’मधला ‘ड्रेड’, म्हणजे भीती, अनेकींना नको असतो, तेव्हा मूळ लेखिकेनं जे वापरलंय तेच घ्या.

शब्दाचं वजन किती, त्याचं एक उदाहरण सरकारी कागदातलं. अमेरिकेच्या लष्करानं मार्च २०१४ मध्ये केसांचे नवे नियम काढले. त्यात ट्विस्ट (दोन बटा एकमेकींभोवती पिळून केलेली रचना) आणि लॉक्सवर बंदी होती आणि ‘मॅटेड’, ‘अनकेम्प्ट’ हे शब्द होते: गुंतून घट्ट झालेले, निगा न राखलेले. कृष्णवर्णीय स्त्री-सैनिकांनी आवाज उठवला. त्याच वर्षी हे शब्द काढले गेले. लॉक्सना परवानगी २०१७ च्या जानेवारीत मिळाली. आधी शब्द गेला, मग बंदी गेली.

न्यायालयात उलट घडलं. १९८१ मध्ये रोजर्स विरुद्ध अमेरिकन एअरलाइन्स खटल्यात विमानतळावर काम करणाऱ्या कर्मचारी स्त्रीच्या कॉर्नरोजवर, म्हणजे टाळूलगत घातलेल्या वेण्यांवर, कंपनीची बंदी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयानं ग्राह्य धरली. तर्क असा: कातडीचा रंग बदलता येत नाही, वेण्या सोडता येतात, म्हणून हा वंशभेद नाही. वर असाही मुद्दा आला की एका चित्रपटात गोऱ्या नटीनं तशा वेण्या घातल्यानंतर ही फॅशन आली. २०१६ मध्ये अकराव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयानं कॅटास्ट्रोफी मॅनेजमेंट सोल्युशन्स प्रकरणात हाच धागा पकडला: लॉक्स कापायला नकार दिला म्हणून अलाबामातल्या एका स्त्रीची मिळालेली नोकरी काढून घेतली होती, आणि कंपनी जिंकली. ‘इम्युटेबल’ हा शब्द लेखात आला तर तो या वादातला आहे. ‘न बदलणारं’ लिहू नका, ‘बदलता न येणारं’ लिहा. सगळा खटला त्या एका अक्षरगटावर उभा आहे.

याला उत्तर म्हणून क्राउन कायदा आला. कॅलिफोर्नियात ३ जुलै २०१९ ला सही, १ जानेवारी २०२० पासून अंमल. त्यानं वंशाच्या व्याख्येतच केसांचा पोत आणि वेण्या, लॉक्स, ट्विस्ट यांसारख्या रचना घातल्या. नंतर बऱ्याच राज्यांनी तसे कायदे केले. संघीय विधेयक मार्च २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, सिनेटमध्ये नाही. नावातला श्लेष, मुकुट आणि डोक्याचा माथा, मराठीत आणायला जाऊ नका. ‘क्राउन कायदा’ पुरे.

---

वरंबा

कॉर्नरोजबद्दल. मक्याच्या ओळी म्हणून ते नाव. कॅरिबियन बेटांवर तिथल्या पिकावरून ‘केनरोज’ म्हणतात, म्हणजे उसाच्या ओळी. आपल्याकडे उसासाठी सरी-वरंबा काढतात, तोच शब्द उचला. फक्त ‘सरीवेण्या’ करू नका. सरी म्हणजे दोन वरंब्यांमधला खोल पाट. डोक्यावर खोल पाट म्हणजे भांग, आणि उठून दिसणारी वेणी म्हणजे वरंबा. ‘वरंब्याच्या वेण्या’ बरोबर.

---

फणीकरंडा

वरंबा, हे फारच नेमकं आहे. आणि वेणी उठून का दिसते तेही यात बसतं. आपल्या सागरवेणीत कडेचा पेड मधल्या पेडाच्या वरून नेतात, म्हणून वेणी केसांत दबते. कॉर्नरोमध्ये कडेचा पेड मधल्याच्या खालून जातो, म्हणून ती वर येते. प्रत्येक वळणाला टाळूलगतचे थोडे केस उचलून पेडात घ्यायचे. शेपटीच्या फणीच्या टोकानं भांग आधी आखून घ्यावा लागतो. भांग वाकडा गेला की वेणीही वाकडी जाते.

‘उलट्या सागरवेण्या’ लिहिलं तर मराठी बाईच्या बोटांना लगेच कळेल. पहिल्यांदा तसं समजावून पुढे ‘वरंब्याच्या वेण्या’ म्हणा.

बॉक्स ब्रेड्स वेगळ्या: चौकोनी भाग पाडून प्रत्येक चौकोनाची सुटी वेणी. त्यात कानेकालॉनसारखे कृत्रिम तंतू घालून लांबी-जाडी वाढवतात. तंतूंवरच्या थरामुळे काहींना खाज सुटते, म्हणून आधी व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून वाळवतात. वेणीचं टोक उकळत्या पाण्यात बुडवून बंद करतात. चार ते आठ तास बसावं लागतं, सहा ते आठ आठवडे ठेवतात. या सगळ्याला ‘प्रोटेक्टिव्ह स्टाइल’ म्हणतात, कारण टोकं आत राहतात आणि रोजची ओढाताण थांबते. ‘जपणुकीची रचना’ म्हणता येईल. पण वेण्या फार घट्ट किंवा फार जड असतील, तर संरक्षण उलटतं. कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या, भुवया वर ओढल्यासारख्या, डोकं ठणकणं, ही पहिली खूण. तेव्हाच सैल केलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चाललं तर मुळं कायमची जातात आणि कानशिलाजवळ टक्कल पडतं. लेखांत ‘एजेस’ गेल्याचं दुःख येतं ते हे. ‘कडा’ लिहू नका, ‘कपाळाच्या कडेच्या बटा’ लिहा.

---

वखार

गंगावनाबद्दल विचारलंय. शब्द अगदी योग्य, कारण गंगावन म्हणजे आपल्या वेणीत गुंफायचे जोडकेस, आणि तेच काम इथे आहे. पूर्ण डोकं झाकणाऱ्या विगला मात्र टोपच म्हणा. ‘वीव्ह’ तिसरी गोष्ट: आधी डोक्यावर वरंब्याच्या वेण्या सपाट घालतात, मग केसांच्या शिवलेल्या पट्ट्या वाकड्या सुईनं त्या वेण्यांवर शिवतात. पट्टीची जुडी साधारण शंभर ग्रॅमची, पूर्ण डोक्याला तीन-चार लागतात. धुतल्यावर खालच्या वेण्या पूर्ण वाळल्या नाहीत तर बुरशीचा कुबट वास येतो. हे लाजेचं वर्णन लेखात असेल तर कारण आळस नाही, कमी वाळवणं आहे.

या केसांचा आपल्याशी खरा संबंध आहे. भारतातून जाणारा माल दोन प्रकारचा. एक तिरुमलासारख्या देवस्थानांत उतरवलेले केस: आधी बांधून मग काढलेले, त्यामुळे सगळी मुळं एका बाजूला. त्याला ‘रेमी’ म्हणतात, भाव जास्त, लिलावानं विक्री. दुसरा माल म्हणजे गुंतवळ. ‘केसांवर फुगे, केसांवर भांडी’ अशी हाळी देत गल्लीत फिरणारे फेरीवाले बायकांनी फणीतून काढून भिंतीच्या फटीत, डब्यात साठवलेलं गुंतवळ घेतात ते हेच. ते हातानं सोडवतात, लोखंडी खिळ्यांच्या पाटावर विंचरतात, लांबीनुसार लावतात. अडचण अशी की मूळ आणि टोक मिसळलेलं असतं. केसावर कौलांसारखे खवले असतात, टोकाच्या दिशेनं उतरते. शेजारच्या केसाचे खवले उलटे आले की एकमेकांत अडकून गुंता होतो. म्हणून अशा मालाचे खवले आम्लात बुडवून काढून टाकतात आणि वर सिलिकॉनचा थर देतात. दुकानात तो चमकतो, पण थोड्याच धुण्यांत थर जातो आणि केस चटईसारखा बसतो. ओळखायचं कसं: एक केस चिमटीत धरून टोकाकडून मुळाकडे बोट ओढा. खवले शाबूत असतील तर त्या दिशेला खरखरतं, उलट दिशेला घसरतं. दोन्हीकडे सारखंच गुळगुळीत लागलं तर खवले काढलेत.

पाकिटावरचं ‘ब्राझिलियन’, ‘पेरुव्हियन’ हे सहसा बाजारातलं नाव असतं. लेखात ते आलं तर ‘ब्राझीलमधल्या बायकांचे केस’ असं करू नका.

---

शब्दवेल्हाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन जागा अजून अडतायत. ‘बिग चॉप’ आणि ‘वॉश डे’. दुसऱ्याला ‘न्हाण्याचा दिवस’ लिहिलं होतं. आणि एका लेखात टिग्नॉन नावाचं डोक्याचं वस्त्र आहे, त्याला पदर म्हणू का?

---

फणीकरंडा

‘न्हाण्याचा दिवस’ नको. ‘न्हाण’ म्हटलं की पाळी येणं आठवतं, आणि लेख आई-मुलीबद्दल असेल तर हमखास गैरसमज होईल. ‘केस धुवायचा दिवस’ लिहा. पण तो ‘दिवस’ का, हे दाखवायला हवं. पिळदार केसांत टाळूचं तेल टोकापर्यंत उतरत नाही, केस कोरडा आणि प्रत्येक वळणावर तुटायला तयार. म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा धुणं, आणि त्याला खरंच अर्धा दिवस जातो. आधी तेल किंवा कंडिशनर लावून बोटांनी गुंता सोडवणं. शाम्पू टाळूलाच. मग कंडिशनर भरपूर, आणि केस ओले असतानाच मोठ्या दातांच्या फणीनं टोकाकडून मुळाकडे सोडवत येणं. मुळापासून सुरुवात केली तर गाठी खाली ढकलल्या जाऊन एकच घट्ट गाठ होते. शेवटी पाणी अंगात असतानाच वरून तेल किंवा क्रीम, ओलावा कोंडण्यासाठी. आपण कोरड्या केसांना तेल चोपडतो, तसं इथे केलं तर तेल पाण्याला बाहेरच ठेवतं. मग आठ-दहा वेण्या घालून वाळवणं. ओल्या केसांची लांबी वाळताना अर्ध्याहून कमी दिसू शकते, ‘श्रिंकेज’ ते हेच. ‘आखडणं’ छान बसतं.

हे न कळलेला वाचक ‘पंधरा दिवसांनी केस धुतले’ हे वाक्य अस्वच्छता म्हणून वाचेल.

रात्री बांधतात त्या सॅटिनच्या टोपीला ‘टोपडं’ नको, ते तान्ह्या बाळाचं. सुती उशी ओलावा शोषते आणि घासते, म्हणून ती टोपी. ‘सॅटिनची टोपी’ पुरे.

---

तळटीप

‘बिग चॉप’ला केशवपन लिहिण्याआधी हात थांबला ते योग्यच झालं. रिलॅक्सर बंद केल्यावर मुळाकडून कुरळा केस वाढतो आणि टोकाकडे जुना सरळ केस राहतो. सांध्यावर तो तुटत राहतो. तेव्हा सरळ भाग सगळा एकदम कापून टाकणं म्हणजे बिग चॉप. डोक्यावर दोन-चार सेंटिमीटर नवे केस उरतात. हे ती स्त्री स्वतः ठरवते. केशवपन मराठी कानाला विधवेचं: न विचारता, न्हाव्याला बोलावून, लाल आलवणासकट. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केस काढायला नकार दिला, तो इतिहास या शब्दाला चिकटलेला आहे. एक शब्द सक्तीचा, दुसरा सुटकेचा. ‘मुंडण’ही नको, ते व्रताचं किंवा नवसाचं. ‘सरळ केस छाटून टाकले’ एवढं साधं लिहा. हळूहळू थोडे थोडे कापत जाणाऱ्या ‘ट्रान्झिशनिंग’हून वेगळं दिसण्यासाठी ‘एका दमात’ जोडा.

टिग्नॉनला पदर किंवा घुंघट म्हटलं तर लाज-मर्यादेचा अर्थ येतो. ते तसं नव्हतं. १७८६ मध्ये स्पॅनिश अमलाखालच्या लुइझियानात गव्हर्नर मिरोनं फर्मान काढलं: गुलाम नसलेल्या कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय स्त्रियांनी केस उघडे आणि सजवलेले ठेवायचे नाहीत, फडकं बांधायचं. गुलाम स्त्रिया कामाला तसं फडकं बांधत, त्यांच्या ओळीत यांना बसवण्यासाठी. त्या स्त्रियांनी उंची रंगीत कापड घेऊन, उंच गाठी मारून त्याचाच दागिना केला. म्हणून सुरुवातीच्या फर्मानात ‘फडकं’ आणि पुढे त्या स्त्रियांच्या डोक्यावर ‘टिग्नॉन’, असे दोन शब्द वापरा. ‘मुंडासं’ पुरुषी आहे, ते टाळा.

आणखी एक. मॅडम सी. जे. वॉकर यांचं नाव आलं आणि लेखात किंवा प्रस्तावनेत ‘गरम फणीचा शोध लावणारी’ असं असेल, तर संपादकांना कळवा. तो शोध त्यांचा नाही, तसल्या फण्या त्यांच्या आधीपासून होत्या. १८६७ साली लुइझियानात जन्मलेल्या, कपडे धुऊन पोट भरणाऱ्या या बाईनं उद्योग उभा केला तो टाळूच्या मलमावर, ज्यात गंधक होतं, आणि दारोदार विकणाऱ्या स्त्री-एजंटांवर. त्यांनी स्वतः आधी ॲनी टर्नबो मलोन यांचा माल विकला होता. मलोन यांचं नाव मराठीत जवळपास येतच नाही. मूळ लेखात असेल तर गाळू नका.

---

शब्दवेल्हाळ

मलोन यांचं नाव मूळ लेखात आहे, एका कंसात. कंस काढून वाक्यात घेते. ‘कान दुमडून धर’ आणि ‘वरंब्याच्या वेण्या’ आजच मजकुरात घातले.